नारळ ऐकणारा दात

दाताच्या डॉक्टरकडे कुणी खरं बोलत नाही. वकिलाशी बोलत असतील, देवापुढे बोलत असतील, पण माझ्या खुर्चीत पाठ टेकली की सज्जनातला सज्जन माणूस बिनदिक्कत थापा मारायला लागतो. "दोन वेळा घासतो हो मॅडम, अगदी न चुकता." आणि दात बघावेत तर गेल्या गणपतीपासून त्यांची ब्रशशी गाठभेट नाही. "सुपारी? छे! लग्नकार्यात एखादं खांड." जीभ, हिरड्या, ओठांचे कोपरे सगळं लालेलाल. एक मास्तर दातावरची कॅप हरवली म्हणून हळहळत होते, ते दोन दिवसांनी कॅप कागदात गुंडाळून घेऊन आले. मी विचारलं, "कुठे सापडली?" म्हणाले, "घरातच." घरात म्हणजे नेमकी कुठे, असं विचारल्यावर ते एवढे लाजले की मला सगळं कळलं. जेवताना गिळली होती. मी हातमोज्यांवर दुसरे हातमोजे चढवले आणि कॅप उकळायला टाकली.

पण थापांमध्ये पहिला नंबर एकाच थापेचा. दार लागलं. पुढचा दात तुटून आलेला माणूस भांडणात मार खाऊन आलेला असो, बाटलीचं बूच दातांनी काढून आलेला असो की बायकोने फेकलेल्या लाटण्याचा नेम बसून आलेला असो, सांगणार एकच. "दार लागलं, मॅडम." रत्नागिरीतली दारं इतकी हिंस्र का, असा प्रश्न मला सुरुवातीच्या काळात खरोखर पडायचा. मी सांगलीची. लग्न करून इथे आले तेव्हा केस काळे होते, आता मेंदीचे आहेत, तरी अजून इथल्या लोकांच्या हिशेबी मी घाटावरचीच. घाटावरच्या माणसाला नारळ, मासे आणि दार यातलं काही कळत नाही, असा इथे सर्वांचा ठाम समज आहे.

माझ्याही पुढच्या एका दाताचा कोपरा शाळेत असताना सायकलवरून पडून गेलेला. तिथे भरलेलं फिलिंग वर्षानुवर्षं टिकलं होतं. पेशंट दाराची गोष्ट सांगायला लागला की मी मुद्दाम तो कोपरा दाखवायची आणि म्हणायची, "बघा, मी सायकलवरून पडले. खरं सांगायला काय होतं?" हे मी फार तोऱ्यात म्हणायची. ते नीट ध्यानात ठेवा.

आता कॅपचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पूर्वी आम्ही ज्या कॅप बसवायचो त्यांना आतून धातूचं अस्तर असायचं. दणकट असायच्या, पण काही वर्षांनी हिरडी जरा वर सरकली की कडेला काळी रेघ दिसायची आणि माणूस हसताना ओठ धरून हसायला लागायचा. नव्या कॅप नुसत्या सिरॅमिकच्या. धातूच नाही, त्यामुळे उजेड खऱ्या दातातून जातो तसा त्यातून जातो. ओळखू म्हटलं तरी ओळखता येत नाही. मात्र हिचे नखरे फार. तिला चहूबाजूंनी सारखी जागा लागते, म्हणून खालचा दात सगळीकडून मोजून घासावा लागतो, आणि चावायच्या धारेला आणखी थोडा जास्त. आधी ठरलेल्या खोलीचे चर पाडायचे, मग मधले वरंबे काढायचे. हिरडीपाशी, झाडाला पार बांधतात ना, तसा गोल पार कोरायचा, कारण कॅपची कड त्यावर टेकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दाताला एकही टोकदार कोपरा ठेवायचा नाही. सिरॅमिक दाब कितीही सोसतं, पण आत एखादा कोपरा टोचत राहिला की तिथून तडा जातो. म्हणून शेवटी सगळे काने-कोपरे गोल करून, गुळगुळीत करून सोडायचे. चांगला दात असा घासताना मला आजही वाईट वाटतं. घासलेलं परत उगवत नाही.

तर येसूकाका. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. दवाखान्यात तिघं एकदम शिरली. पुढे येसूकाका, तोंडाला रुमाल. मागे त्यांच्या बायको, ज्यांना सगळं गाव नुसतं काकी म्हणतं. त्यांच्या मागे इस्माईलभाई, येसूकाकांचे लहानपणापासूनचे दोस्त. येसूकाका तांडेल होते, म्हणजे बोटीचे मुख्य खलाशी. सगळा जन्म मच्छीमार बोटीच्या इंजिनाशेजारी काढला. इस्माईलभाईंची स्वतःची बोट. आता दोघंही घरी बसलेले आणि त्यामुळे दिवसभर एकत्र.

"काय झालं?" मी विचारलं.

"दार लागला," येसूकाका रुमालातून म्हणाले.

"व्हय. दार. मी बघितला," इस्माईलभाई म्हणाले आणि छताकडे बघायला लागले.

रुमाल काढला. वरचा पुढचा दात तिरका निम्मा गेलेला. नस शाबूत होती, एवढं नशीब. मी आरसा घालून नीट बघितलं तर तुटलेल्या जागी एक तपकिरी धागा अडकलेला. चिमट्याने ओढून काढला आणि दिव्यासमोर धरला. नारळाच्या शेंडीचा होता.

"काका," मी म्हटलं, "तुमच्या दाराला शेंडी आहे का?"

काकींनी तो धागा बघितला मात्र, कमरेला पदर खोचला. "परत वाजवलात ना दातावर? परत? कितींदा सांगितला! अवो, वय काय, दात किती, करताय काय!"

मग सगळं बाहेर आलं. नारळी पौर्णिमेला इथे समुद्राला नारळ देऊन झाला की नारळ लढवतात. एकाने नारळ मुठीत धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर हाणायचा. ज्याचा फुटला तो हरला आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. आता सगळं काही नारळ निवडण्यावर. कुणी हातात घेऊन वजन बघतं, कुणी कानाशी टिचकी मारून ऐकतं. येसूकाकांची पद्धत त्यांची स्वतःची. ते नारळ पुढच्या दातावर टक टक वाजवून बघायचे. कवटी जाड की पातळ, आत चीर आहे की नाही, ते त्यांना दातावर कळायचं. त्यांनी निवडलेला नारळ सहसा फुटत नसे. त्यामुळे पौर्णिमेच्या आधी अख्खी वाडी आपापले नारळ घेऊन त्यांच्या पडवीत हजर. येसूकाका, माझा बघा. येसूकाका, ह्यो कसा हाय. त्या दिवशीही ते असेच पडवीत नारळ वाजवत बसले होते. मागून इस्माईलभाई आले आणि "काय येसू!" करत त्यांनी पाठीवर थाप मारली.

"मग दार कोण म्हणाला?" काकींनी इस्माईलभाईंना विचारलं.

"त्यानंच," इस्माईलभाई म्हणाले. "मी फक्त व्हय म्हटला."

बिनधातूची कॅप बसवायची ठरली. मुलगा मस्कतला असतो, त्याने फोनवर हुकूम सोडला की जे चांगलं असेल तेच करा. त्या दिवशी आधी रंग जुळवायला घेतला. हे काम दात घासायच्या आधी करायचं असतं, कारण तोंड उघडं राहून दात सुकला की तो आहे त्याहून पांढरा दिसतो. रंगाच्या नमुन्याचे दात असतात, एका पट्टीला ओळीने लावलेले. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, एकेक शेजारी धरून बघायचा. मी काकांना खिडकीपाशी उभं केलं. माझी सून मृणाल, तीही दातांची डॉक्टर, दवाखाना आता खरं तर तिचाच, ती पट्टी धरून उभी. इस्माईलभाई म्हणाले, "सगळ्यात पांढरा घाला. दुबईवाल्यांचे असतात तसला." बाहेर बसलेल्या दोन पेशंटनीही आत येऊन तोच रंग पसंत केला. काकी शांतपणे म्हणाल्या, "त्येंचे बाकीचे दात माझ्याबरोबर म्हातारे झाले. एकटाच जवान कशाला?" मी काकींचं ऐकलं.

दात घासताना मला एक गोष्ट जाणवली, पण अर्थ लागला नाही. इंजेक्शनने जागा बधिर झालेली. मशीन दाताला लागलं की माणसं खुर्चीचे हात घट्ट धरतात, डोळे मिटतात, देवाचं नाव घेतात. येसूकाकांनी पायाने ताल धरला. चेहऱ्यावर असा आनंद की मी मशीन बंद करून विचारलं, "काय झालं? दुखतंय का?"

"थांबवलात कशाला?" ते म्हणाले. "किती दिवसांनी इंजिन आयकला."

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मी म्हटलं, "तोंड उघडा." चर पाडले, वरंबे काढले, पार कोरला, कोपरे गोल केले. मृणालने तोंडात कॅमेरा फिरवून माप घेतलं आणि ते कोल्हापूरच्या लॅबला जागच्या जागी पाठवून दिलं. कॅप येईपर्यंत दात उघडा ठेवायचा नसतो, म्हणून वर प्लॅस्टिकची तात्पुरती कॅप बसवली. ही कच्च्या सिमेंटने चिकटवतात, कारण पुढे सहज काढता आली पाहिजे. "हिने काही कडक चावायचं नाही," मी बजावलं. "आणि नारळ तर नजरेलाही दाखवायचा नाही."

चारच दिवस गेले असतील. येसूकाका हातात पिशवी घेऊन दारात उभे. पिशवीत नारळ.

"ह्यो दात मेलाय," ते म्हणाले. "काडून टाका."

"दुखतोय?"

"दुखेल कशाला? मेलाय म्हटला ना." आणि मी अहो अहो करेपर्यंत त्यांनी पिशवीतला नारळ काढून तात्पुरत्या कॅपवर वाजवलासुद्धा. भद्, भद्. "आयकलात? सगळेच नारळ नासके लागतात."

माझा पारा चढला. मी किती बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. ते सगळा वेळ माझ्या ओठांकडे बघत होते. शेवटी शांतपणे म्हणाले, "बाय, जरा मोठ्यानं बोला. तुमी रागावलाव येवढं कळला, पण कशापायी, त्या नाय कळला."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. हे गृहस्थ बहिरे होते. इंजिनाशेजारी जन्म गेला, कान कधीच गेले होते. समोरच्याचं तोंड बघून, मान हलवून त्यांनी आजवर निभावून नेलं होतं. काकींना ठाऊक, इस्माईलभाईंना ठाऊक, बाकी कुणाला पत्ता नाही. नारळ ते कानाने ऐकतच नव्हते. दातावर वाजलेला नारळ दातातून हाडात आणि हाडातून आत कुठेतरी पोचत होता. तसं बघितलं तर आम्हीही तेच करतो. आरशाच्या दांड्याने दात टकटक वाजवतो आणि खालचं काय बिघडलंय त्याचा अंदाज घेतो. मी आयुष्यभर लोकांचे दात वाजवले आणि हा माणूस त्याच वाटेने उलटा ऐकत बसला होता. माझ्या प्लॅस्टिकच्या टोपीने त्यांचा तेवढाही कान बंद केला होता. मला फार वाईट वाटलं.

"कॅप आली की वाजेल," मी मोठ्याने म्हटलं. खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हतं. कॅपचा रंग कसा येतो, चावताना कशी टेकते, हिरडीला कशी बसते, हे सगळं मला ठाऊक. कॅप नारळाला कशी वाजते, हे कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकी येऊन सांगून गेल्या ते आणखी वेगळंच. येसूकाकांनी बाजारात जाऊन नारळवाल्याची अख्खी रास नासकी ठरवली होती. गिऱ्हाइकं आल्या पावली परत गेली. नारळवाल्याने चिडून तिथल्या तिथे दोन नारळ फोडून दाखवले, आतून खोबरं पांढरंशुभ्र. पडवीत येणाऱ्यांचे नारळही त्यांनी असेच नापास केले. मग लोक यायचे थांबले. कुणीतरी म्हणालं, येसू संपला.

संध्याकाळी इस्माईलभाई एकटेच आले. पेशंटच्या खुर्चीवर बसले आणि उठेचनात.

"डॉक्टरबाय, तो पडवीत येतच नाय. आत बसून राहतो. माझी थाप लागली ओ. काय पण करा, पण पौर्णिमेच्या आधी त्याचा दात वाजता करा."

"ते हरले तर तुम्हीच जिंकणार ना?" मी म्हटलं.

"त्याच्या निवडलेल्या नारळाला हरवण्यात मजा हाय. बाकीचे नारळ काय, बायको पण फोडते." हे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. हसावं की रडावं मला कळेना.

आणि नेमका आंबा घाटात दरड आली. कोल्हापूरचा रस्ता बंद. कॅप तयार होऊन लॅबमध्ये पडलेली आणि पार्सलवाला म्हणतोय, रस्ता सुटला की बघू. मृणालने दहा ठिकाणी फोन लावले. अखेर इस्माईलभाईंच्या भाच्याचा मासळीचा टेम्पो लांबच्या घाटाने येणार होता, त्याच्याकडे कॅप सोपवायची ठरली. इस्माईलभाईंनी त्याला फोनवर बजावलं, "येसूकाकाचा दात हाय. खराब होता कामा नये."

पौर्णिमेच्या सकाळी टेम्पो दवाखान्यासमोर उभा राहिला. भाच्याने मागून थर्माकोलची भलीमोठी पेटी उतरवली. मी म्हटलं, "एवढीशी कॅप, पेटी कशाला?" त्याने झाकण काढलं. पेटी बर्फाने गच्च भरलेली, आणि मधोमध प्लॅस्टिकच्या पिशवीत लॅबची चिमुकली डबी.

"वाटेत दोन जागी बर्फ बदलला," तो अभिमानाने म्हणाला. "अजिबात खराब झाला नसणार."

मृणाल तोंडाला हात लावून आतल्या खोलीत पळाली. मी त्याला म्हटलं, "शाब्बास. फार चांगलं केलंस." दुसरं काय म्हणणार? डबीत पाणी शिरलं होतं. कॅप उत्तम होती, रंग काकींनी म्हटला तसाच, पण तिला बांगड्याचा घमघमाट येत होता.

खुर्चीशी उभ्या असलेल्या काकींनी नाक मुरडलं. "ह्या कसला वास?"

इस्माईलभाई म्हणाले, "समुद्राचा."

"बांगडा हाय ह्यो!" काकी कडाडल्या. "श्रावण चाललाय, आज पौर्णिमा, त्येंचा उपास, नि तुमी त्येंच्या तोंडात बांगडा बसवताय? कायमचा?"

मी कॅप साबणाने धुतली, स्पिरिटने पुसली, वाफेवर धरली. दर वेळी काकींच्या नाकापुढे न्यायची, काकी मान हलवायच्या. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात कॅप बसवण्याआधी असा वासाचा दाखला घ्यायची वेळ आली नव्हती. चौथ्या धुण्याला काकींनी परवानगी दिली. तात्पुरती टोपी काढली, कॅप बसवून बघितली. कड पारावर बरोबर टेकली, सुई फिरवली तरी कुठे अडकेना. मग पक्कं सिमेंट, निळा दिवा, जादा आलेलं साफ. आरसा हातात दिला तर काका आरशात न बघता खिशात हात घालायला लागले. खिशात नारळ होता.

"काका!" मी ओरडले. हे त्यांना ऐकू गेलं. "आज नाही. कधीच नाही. सिरॅमिक आहे ते, नारळ फोडायची शिळा नव्हे!"

काकींनी लगेच नारळ काढून घेतला आणि शपथ घातली. "माझ्या गळ्याची आण हाय. ह्यो दात नारळाला लावायचा नाय." येसूकाकांनी दोघींकडे बघितलं, मान खाली घातली आणि निघून गेले. जिंकल्यासारखं मला काही वाटलं नाही.

संध्याकाळी मी जेटीवर गेले. कॅपवर नजर ठेवायला, असं मृणालला सांगितलं. वाद्यं वाजत होती, समुद्राला नारळ देऊन झाला होता आणि रिंगण धरून माणसं उभी होती. आत इस्माईलभाई आपला नारळ घेऊन तयार. समोर येसूकाका, पायाशी नारळांचा ढीग. एक उचलत, हातात फिरवत, परत ठेवत. दुसरा उचलत. कानाशी हलवून बघितला, पण त्या कानाला काय कळणार? "काय येसूकाका, आज कंटाळलाव काय?" कुणीतरी म्हणालं. "घ्या की कुठचा पण!" दोघंतिघं हसले. इस्माईलभाईंनी हसणाऱ्यांकडे असं बघितलं की ते गप्प झाले. येसूकाका तिथेच उकिडवे बसले, हातातला नारळ मांडीवर ठेवून. नवा दात घालून बसलेला तो माणूस मला बघवेना.

मग माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे. मी रिंगणात शिरले. "द्या इकडे," मी म्हटलं. "मी वाजवते. दात वाजवण्यात माझा जन्म गेलाय."

घाटावरची डॉक्टरीण भर गर्दीत पदर खोचून नारळ दाताला लावतेय, हे बघायला मागची पोरं बोटीवर चढली. मी हळूच वाजवला. टक.

"काय म्हणतो?" येसूकाकांनी आशेने विचारलं.

"नारळ म्हणतो," मी म्हटलं. मला दुसरं काही ऐकू आलं नव्हतं. लोक फसकन हसले. हसण्याचा मला राग आला, आणि मी दुसरा नारळ उचलून जरा जोरात वाजवला.

तोंडातून काहीतरी उडालं. जिभेने चाचपून बघितलं तर शाळेपासूनचा तो सायकलवाला कोपरा जागेवर नव्हता, आणि त्याच्यासोबत शेजारचा खरा दातही थोडा गेला होता. मी झटकन ओठ मिटले. येसूकाकांनी ते नेमकं बघितलं. ओठांवर नजर ठेवून जगणारा माणूस, त्याच्यापासून काय लपणार?

ते उठले. माझ्या हातातून नारळ घेतला आणि रिंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या काकींकडे बघत राहिले. काकींनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्या मिटलेल्या ओठांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वाजवा. माझी आण मी परत घेतली." ते त्यांना ऐकू आलं की ओठांवरून कळलं, ठाऊक नाही.

"ठोकायचा नसतो, बाय," ते मला म्हणाले. "इचारायचा असतो." त्यांनी नारळ मी बसवलेल्या आपल्या नव्या कॅपला लावला. इतका हलका की मला स्पर्श दिसलासुद्धा नाही. टण्. डोळे मिटलेले. मला वाटलं, आता चरकन तडा जातोय की काय. परत टण्. दुसरा नारळ घेतला. तिसरा. चौथ्याला ते थांबले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"बोलला," ते म्हणाले. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "इस्माईल, बोलला रे! पहिल्यापेक्षा साफ बोलतो!"

मी रडले. भर जेटीवर, ओठ मिटून, नाकातून आवाज काढत रडले. त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

इस्माईलभाईंनी नारळ हाणला आणि त्यांचाच उभा फुटला. हरलेला माणूस इतका नाचलेला मी कधी पाहिला नाही. "फोडला! येसूनं फोडला!" करत ते सगळ्यांना खोबरं वाटत सुटले. येसूकाकांच्या पाठीवर थाप मारायला त्यांनी हात उचलला, आणि काकींनी तो वरच्या वर धरला. लोक आपापले नारळ घेऊन पुन्हा रांगेत उभे राहिले. येसूकाका, माझा बघा. मी घरी निघाले तेव्हा ते एकेक नारळ लावून, डोळे मिटून, निवाडा देत बसले होते. कॅपचा टवकासुद्धा उडाला नव्हता. एवढं बरं काम माझ्या हातून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मृणालच्या खुर्चीत मी. आयुष्यभर बाजूला उभं राहून जी खुर्ची मागे पाडली, तिच्यात पाठ टेकल्यावर पहिल्यांदा कळलं की तो दिवा डोळ्यांवर किती येतो. मशीनचा आवाज आधी दाताने ऐकला, मग कानाने, आणि मी पायाने ताल धरायचा प्रयत्न केला, पण काही जमलं नाही. सून मात्र हुशार. चर पाडले, वरंबे काढले, पार कोरला, एकही कोपरा टोचता ठेवला नाही. बाहेरच्या बाकावर येसूकाका, काकी आणि इस्माईलभाई नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन बसले होते. मला वडी चावता येत नव्हती, म्हणून ते तिघंच खात होते.

मृणालने मशीन ठेवलं आणि केसपेपर ओढला. "आई, आता तरी सांगा. तुटला कसा?"

मी उघड्या दारातून बाकाकडे बघितलं. तिघांच्याही वड्या हातातल्या हातात राहिल्या होत्या.

"दार लागलं," मी म्हटलं.

"व्हय," बाहेरून इस्माईलभाई म्हणाले. "दार. मी बघितला."